चांगूचा आवाज

महाड
८ जानेवारी २०२४

अंकिता बाय,

आशीर्वाद शेवटी देतो, आधी भांडण.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, क्लिप टाइमलाइनवर ओढ." मी ओढली. नक्की काय ओढलं ते देवालाच ठाऊक. आता नवरीचे वडील हात जोडून पाहुण्यांना "या, बसा" म्हणतायत आणि त्यांच्या तोंडातून बँडवाल्याचा ढोल वाजतोय. पुन्हा फोन केला तर तू म्हणालीस, "कामाच्या वेळेत फोन नको ना करू." बरोबर आहे तुझं. नोकरी आहे. म्हणून आता कागदावर विचारतो आणि तूही कागदावरच सांग. समोर धरून एकेक करीन. मोबाईलवर लिहिलेलं मला सापडत नाही. तुझी मामी पाठवते त्या सुविचारांखाली गाडलं जातं.

एकतीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. या तालुक्यातल्या निम्म्या लोकांची लग्नं मी काढली आहेत, त्यांच्या पोरांची बारशी काढली आहेत. आता फोटोला कुत्रं विचारत नाही. लग्नवाले दारातूनच म्हणतात, "काका, व्हिडिओ एडिट करून देता ना?" नाही म्हटलं की पुढे चालते होतात. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी जुना कॉम्प्युटर घेतला आणि हे शिकायला बसलो. तो दर अर्ध्या तासाने गोठतो. मी पण.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. त्यात गोमाजीच्या मुलीची हळद आहे, माझी पहिली फिल्म. बघ आणि खरं सांग. फुलांचे इफेक्ट मला बरे वाटतात.

आता आशीर्वाद.

तुझा
रावजी मामा


डोंबिवली
१७ जानेवारी २०२४

मामा,

खरं सांग म्हणालास, म्हणून सांगते. सत्तेचाळीस मिनिटांच्या फिल्ममध्ये मी एकशे बारा वेळा दृश्य बदलताना पान उलटलेलं पाहिलं. नवरीचं डोकं हृदयाच्या आकारात बसवलंस तिथे मी स्क्रीन बंद करून भांडी घासायला गेले. ती बिचारी आईच्या गळ्यात पडून रडतेय आणि चारी बाजूंनी गुलाब पडतायत! कॉम्प्युटरमध्ये एखादं बटण आहे म्हणून ते दाबलंच पाहिजे असं नसतं, मामा. एका दृश्याला दुसरं दृश्य साधं जोडायचं. साधा कट. सहा महिने बाकी कशाला हात लावू नकोस.

चिडू नकोस. तुझ्याकडे असं काहीतरी आहे जे आमच्या ऑफिसात बारा जणांकडे नाही. लहानपणी तुझ्या स्टुडिओत बसून मी पाहिलंय. माणूस खुर्चीवर बसला की तू लगेच बटण दाबायचा नाहीस. त्याचे खांदे उतरेपर्यंत थांबायचास. कापतानाही तसाच थांब. आधी सगळं शूटिंग एकदा नुसतं बघून काढ, हात मांडीवर ठेवून. मग माणसांचं बोलणं नीट लाव, चित्र त्याच्यामागून येऊ दे. आवाज बिघडला तर लोक उठून जातात, चित्र थोडं हललं तर बसून राहतात.

आणि सगळ्यात आधीची गोष्ट, जी मी पहिल्या वर्षी रडून शिकले. कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं करण्याआधी त्यातलं सगळं दोन जागी उतरव. एक कॉम्प्युटरमध्ये, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क कपाटात ठेव. त्यावर काम करायचं नाही, तिला हात लावायचा नाही. हे केल्याशिवाय पुढचं काही वाचू नकोस.

मामीला सांग, तिचे सुविचार मलाही येतात.

अंकिता


महाड
११ फेब्रुवारी २०२४

अंकिता बाय,

तुझं पत्र वाचून चार दिवस कॉम्प्युटर लावला नाही. गोमाजीला फिल्म आवडली होती. त्याच्या बायकोने तर ते गुलाब तीनदा बघितले. पण तू शिकलेली, तुझं खरं असेल. गुलाब काढले.

बाकी तुझं "दोन जागी" काही जमत नाही. तुम्हा मुंबईच्या लोकांना डिस्क म्हणजे काय, टपरीवर मिळते. मी एका जागी उतरवतो, नीट उतरवतो. एवढी वर्षं निगेटिव्ह सांभाळल्या की. दोन हजार एकवीसच्या पुरात गेल्या त्या गेल्या, त्याला मी काय करणार? पाणीच माळ्याला लागलं होतं.

आता मोठी गोष्ट ऐक. रूपाली नावाची मुलगी आहे, इथे औषधांच्या दुकानात काम करते. मागच्या महिन्यात ती स्टुडिओत आली आणि आधी भिंतीवरचे फोटो बघत बसली. मग म्हणाली, "काका, आमच्या बाबांचा आवाज धरून ठेवाल?"

तिचा बाप चांगू. वरंधच्या वर डोंगरात त्यांची वाडी आहे, गाडीरस्ता संपल्यावर तासभर चढ. म्हशी पाळतात. चांगूच्या घशात गाठ निघाली आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल पण स्वरयंत्र काढावं लागेल. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. त्यानंतर तो बोलणार नाही, कधीच.

मी गेलो. एक तास दहा मिनिटं काढलं. अगो, काय माणूस आहे! आवाज आता घोगरा झाला आहे, पण दरीच्या पलीकडे चरणाऱ्या म्हशींना त्याने हाक मारली, "ये गो बांडेऽऽ, ये गो कपिलेऽऽ," तर समोरच्या कड्यावर आपटून परत आली. म्हशींनी माना वर केल्या. मग घाट उतरून भोरच्या बाजारात रेडकं कशी चालवत न्यायचे ते सांगितलं. रूपालीच्या लग्नाला मी बोलेन तेच आत्ता बोलून ठेवतो म्हणाला, आणि होणाऱ्या जावयाला दम भरला. जावई अजून ठरलेला पण नाही! आम्ही सगळे हसलो. त्याची बायको जनी मात्र चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती.

याची फिल्म मी अशी करणार आहे की तूही बघत राहशील. सुरुवातीला सूर्य उगवताना, मागे व्हायोलिन. म्हशींचं सगळं संथ गतीत. गेल्या आठवड्यात तीनदा कॉम्प्युटर गोठला आणि केलेलं सगळं गेलं, कारण मध्ये मध्ये सेव्ह करायचं असतं हे तू लिहिलंच नव्हतंस. पुन्हा पहिल्यापासून बसलो. मामी म्हणते, त्या यंत्राशी बोलतोस तेवढं माझ्याशी बोलत नाहीस.

तुझा
रावजी मामा


डोंबिवली
२० फेब्रुवारी २०२४

मामा,

व्हायोलिन काढ.

त्या मुलीने तुझ्याकडे व्हायोलिन मागितलं नव्हतं, बापाचा आवाज मागितला होता. तू आवाजावर आवाज चढवतोयस. संथ गतीही काढ, त्यात बोलणं तुटतं. तो खोकला असेल तर खोकला ठेव. मध्येच थांबून आठवत बसला असेल तर तेही ठेव. आपल्याला वाटतं, रिकामी जागा दिसली की कापावी. पण माणूस गप्प बसून काय आठवतो ते त्याच्या घरच्यांना दिसतं, आपल्याला नाही. खरं तर या कामात एडिटिंग फार करायचंच नाहीये. नावं घाल, भाग पाड, आणि तासभराचं सगळं मूळ शूटिंगसुद्धा त्यांना तसंच्या तसं दे.

सेव्हचं लिहिलं नाही, चूक माझी. दर पाच मिनिटांनी सेव्ह.

तुझ्या "जमत नाही"वर मला राग आला आहे, पण आज भांडायची ताकद नाही. अंगात कणकण आहे, सुट्टी घेऊन घरी आहे. एवढं कर, जे झालंय ते आहे तसं पेन ड्राइव्हवर घालून मला पाठव. अर्धवट असलं तरी चालेल. आणि ती दुसरी प्रत कर, मामा. हे हळदीचं शूटिंग नाही. हळद पुन्हा कोणाचीतरी असते.

अंकिता


महाड
९ मार्च २०२४

अंकिता बाय,

तब्येत कशी आहे? काढा घेतेस ना?

इकडे सगळं ठीक. उन्हं वाढली आहेत. मामीचे पापड चालू आहेत. चांगूचं ऑपरेशन सोमवारी झालं. रूपालीचा फोन होता, जीवावरचं टळलं म्हणाली. बोलणं गेलं. व्हिडिओ कधी मिळेल विचारत होती, बाबा घरी आले की त्यांना दाखवायचा आहे म्हणाली. मी म्हटलं, होतंय.

पेन ड्राइव्ह नंतर पाठवतो. अर्धवट दाखवायला मला बरं वाटत नाही.

एक विचारायचं होतं. बाजारपेठेत माझ्या ओळखीचा एक जण आहे, तोही नुकता हे शिकतोय. त्याचं काम उघडलं की सगळं लाल दिसतं आणि "मीडिया ऑफलाइन" असं काहीतरी येतं. कट लावलेले दिसतात, नावं दिसतात, पण चित्र नाही, आवाज नाही. बिचारा फार घाबरला आहे. त्याला काय सांगू? जमलं तर लवकर कळव. त्याला घाई आहे.

तुझा
रावजी मामा


डोंबिवली
२ एप्रिल २०२४

मामा,

उत्तराला उशीर झाला. कामात होते.

तुझ्या ओळखीच्याने फोल्डर एका जागेवरून दुसरीकडे हलवला असणार. नवशिके हमखास करतात. एडिटिंगच्या प्रोजेक्टमध्ये शूटिंग नसतंच. शूटिंग कुठे ठेवलंय त्याचा फक्त पत्ता असतो. घर हललं तर पत्र पोचेल का? त्या लाल चौकटीवर उजवं बटण दाबून फाईल आता कुठे आहे ते दाखवायचं, सगळं परत दिसेल.

फाईल डिलीटच केली असेल तर मात्र त्याच क्षणी कॉम्प्युटरला हात लावायचा बंद म्हणावं. त्यावर नवीन काही उतरवायचं नाही. डिलीट केलेलं लगेच पुसलं जात नाही, त्या जागी नवं काही बसेपर्यंत काढता येतं. पण ज्याच्यावर काम चालू आहे तेच शूटिंग डिलीट करण्याइतका मूर्ख कोणी नसतो.

चांगूची फिल्म झाली का?

अंकिता


महाड
८ एप्रिल २०२४

अंकिता,

असतो. तो ओळखीचा मीच.

फेब्रुवारीच्या शेवटी एक लग्न होतं. कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही. मी बघितलं, तर चांगूच्या क्लिपा फोल्डरमध्येही दिसतायत आणि एडिटिंगच्या खिडकीतही दिसतायत. मला वाटलं, दोनदा आहेत. उगाच जागा अडली आहे. मोठ्या हुशारीने फोल्डरमधल्या सगळ्या निवडल्या, डिलीट केल्या, वर कचऱ्याची पेटीही रिकामी केली. मामीला म्हणालो सुद्धा, "बघ, आता शिकलो." त्या लग्नाचं शूटिंग उतरवलं, ते काम संपवलं. मग चांगूचं उघडलं तर सगळं लाल.

कॅमेऱ्याचं कार्ड तर आधीच पुसून लग्नाला वापरलं होतं.

मार्चमध्ये तुला लिहिलं तेव्हा खरं लिहायचं होतं. कागदावर तुझं नाव लिहिलं आणि हात पुढे जाईना. भाचीला कुठल्या तोंडाने सांगू, की तू दोनदा लिहिलंस आणि मी दोनदा झिडकारलं? म्हणून तो ओळखीचा काढला. तुझं उत्तर येईपर्यंत मी रोज काहीतरी करून बघत होतो. कुणी सांगितलं म्हणून नवीन सॉफ्टवेअर घातलं. त्यात आणखी एक साखरपुडा घेतला, तोही त्याच कॉम्प्युटरवर. आता तू म्हणतेस, हात लावायचा नाही. हे तीन आठवडे आधी कळलं असतं तर! तुला बोल लावत नाही. पण कळलं असतं तर.

पुरात माझ्या निगेटिव्ह गेल्या तेव्हा लोक स्टुडिओत येऊन रडले होते. कोणाच्या मेलेल्या आईचा एकच फोटो माझ्याकडे होता. मी त्यांना म्हणायचो, नदीपुढे कोणाचं चालतं? या वेळी नदी नव्हती. माझं बोट होतं.

रूपालीचं पाच वेळा विचारून झालं. पाचही वेळा मी "होतंय" म्हटलं. चांगू घरी आला आहे. परवा तिचा फोन वाजत होता आणि मी समोर बसून तो बंद होईपर्यंत बघत राहिलो.

रावजी


डोंबिवली
१३ एप्रिल २०२४

मामा,

तुझं पत्र वाचून मी घरात एकटीच ओरडले. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. दोनदा लिहिलं होतं मी! डिस्क टपरीवर मिळते म्हणालास! त्या माणसाचा आवाज आता जगात कुठेच नाही, त्याच्या गळ्यात पण नाही, आणि तू ओळखीचा काढतोस?

तीन वेळा फोन केला, तू घेतला नाहीस. शेवटी मामीने उचलला. तिला सांगितलंय, कॉम्प्युटरची वायर काढ आणि कॅमेऱ्यातलं कार्ड डब्यात घालून ठेव. तिने विचारलं, "डाळीच्या डब्यात चालेल?" म्हटलं, कुठल्याही, फक्त मामाच्या हाताला लागू नये.

आता माझं ऐक. तू "कळलं असतं तर" लिहिलंस, ती ओळ मी सोडून देऊ शकत नाही.

तुझं ते मार्चचं पत्र मला चौदा तारखेला मिळालं होतं. मी ते एक एप्रिलला उघडलं. अठरा दिवस फ्रीजवर पडलं होतं. कामात नव्हते मी. मला कामच नाहीये. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी कंपनीने अकरा जणांना घरी पाठवलं, त्यात मी. तुला कणकण लिहिली ती खोटी. नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या मालिका कापून बसवल्या, आणि मला कापायला त्यांना चार मिनिटं लागली. तेव्हापासून एका क्लासवाल्या सरांचे छोटे व्हिडिओ कापते. ते म्हणतात, दर दोन सेकंदांनी काहीतरी उडालं पाहिजे. मी उडवते. तुला गुलाबांवरून बोलले आणि आता मी स्वतः बाण आणि फटाके उडवते.

तुझं अक्षर पाकिटावर पाहिलं आणि वाटलं, ज्या धंद्याने मला बाहेर काढलं तो मी याला का शिकवतेय? पुन्हा काहीतरी विचारलं असेल, नंतर बघू. त्या अठरा दिवसांत तू साखरपुडा उतरवलास. निम्मं पाप माझं.

शनिवारी वीस तारखेला वीरला उतरते. स्टेशनवर येऊ नकोस, रिक्षाने येईन. काही सापडेल अशी आशा ठेवू नकोस. माझा जुना लॅपटॉप आणतेय.

अंकिता


महाड
५ मे २०२४

अंकिता बाय,

तू रविवारी गेलीस आणि मी दहा दिवस वाडीला गेलो नाही. मामी रोज सकाळी तू ठेवून गेलेला लॅपटॉप माझ्या जेवायच्या जागेवर आणून ठेवायची. शेवटी एक मेला गेलो. रूपालीला सुट्टी असणार हे माहीत होतं. तू म्हणाली होतीस, सापडलेली एक क्लिप आधी त्या नवरा-बायकोला दाखव, मुलीला नाही, कारण ते त्यांच्या दोघांतलं आहे. लक्षात होतं. पण जे गेलं त्याबद्दल तिघांना एकदमच सांगायचं ठरवलं.

अंगणात पोचलो. जनीने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी घेतला नाही. पाणी प्यायलो असतो तर बसलो असतो, आणि बसलो असतो तर पुन्हा "होतंय" म्हणालो असतो. उभ्यानेच सांगितलं.

रूपाली म्हणाली, "गेलं म्हणजे काय, काका?"

"माझ्या हातून पुसलं गेलं. फेब्रुवारीतच. माझी भाची मुंबईहून आली, दोन दिवस कॉम्प्युटर खरवडला. कॉम्प्युटरमध्ये काही राहिलं नव्हतं."

"फेब्रुवारीत? बाबा तेव्हा बोलत होते. ऑपरेशन मार्चमध्ये झालं. तुम्ही तेव्हा सांगितलं असतं तर आम्ही मोबाईलवर काढलं असतं."

अंकिता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच नव्हतं. मी महिनाभर यंत्राशी झगडत होतो, हरवलेली फाईल शोधत होतो, आणि माणूस वर वाडीत बसून बोलत होता. लाल चौकट मी बघितली ती अठ्ठावीस फेब्रुवारीला. चार मार्चपर्यंत वेळ होता. गाडी काढून वर गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत पुन्हा सगळं काढून झालं असतं. लाज वाटली म्हणून गेलो नाही. फाईल पुसली ती चूक होती म्हणता येईल. याला काय म्हणू?

माझ्या तोंडाकडे बघून तिलाही ते कळलं. ती उठून गोठ्याकडे गेली. चांगू बाजेवर बसला होता, गळ्यावर पांढरं फडकं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, ती गेली तिकडे बघत राहिला.

जनी म्हणाली, "काय पण नाय राहिलं?"

म्हटलं, "थोडंसं आहे. पण ते तुम्हा दोघांचं आहे. आधी बघा, मग ठरवा."

लॅपटॉप बाजेवर ठेवला. तू कॅमेऱ्याच्या पुसलेल्या कार्डाच्या शेपटाकडून काढलेली ती शेवटची क्लिप, नंतरचं शूटिंग तिथवर पोचलं नाही म्हणून उरलेली. दोन मिनिटं चाळीस सेकंद. मी "झालं" म्हणून कॅमेरा स्टुलावर ठेवला होता आणि बंद करायला विसरलो होतो. चित्रात काय, तर बाजेचा पाय, चांगूची पावलं आणि एक कोंबडी. इतर वेळी मीच पहिल्यांदा पुसली असती.

मग त्याचा आवाज आला. "गेले काय ते?"

"मागल्या दारी हात धुतायत. तू बस गप. लय बोललास आज."

"मंग कवा बोलू? महिनाभर हाय फकस्त."

त्यानंतर बराच वेळ नुसती कोंबडी. मग, "जने, आवाज गेला तर तुला हाक कशी मारू गो?"

"आजवर कवा मारलीस? म्हशींना मारतोस. मला 'अगो' करून भागवतोस."

तो हसतो. हसताना खोकला येतो. खोकला थांबतो. आणि मग, अगदी हळू, "जने."

"काय?"

"काय नाय. मारून बघितली."

संपलं.

जनीने पदर तोंडाला लावला होता. चांगू स्क्रीनकडे बघत होता, जणू त्यात कोणी दुसराच माणूस आहे. मग त्याने एक बोट वर केलं. पुन्हा एकदा. मी पुन्हा लावली. पुन्हा बोट. चार वेळा लावली. चौथ्यांदा तो "जने" म्हणाला तेव्हा इकडे बाजेवर बसलेली जनी मोठ्याने म्हणाली, "हाय रे, हितंच हाय."

मागे वळलो तर रूपाली गोठ्याच्या कुडाला टेकून उभी. तिने किती ऐकलं माहीत नाही. माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, "मला पण पाहिजे हे." जनीने चांगूकडे बघितलं. त्याने मान हलवली. मग ती माझ्याशी बोलली. "माझ्या फोनमध्ये घाला. आणि काका, तुम्ही आलात, सांगितलंत, ते बरं केलंत. पण माझ्या लग्नाचं बोललेलं गेलं ना ते. मी ते विसरणार नाय."

म्हटलं, "नको विसरू."

तिच्या फोनमध्ये घातली, जनीच्या भावाच्या फोनमध्ये घातली, एक पेन ड्राइव्ह घरात ठेवायला दिला. सुरुवातीची अकरा सेकंदं नुसती कोंबडी आहे, ती काढून देऊ का, असं तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

तू विचारलंस, धंदा चालू ठेवणार का. माहीत नाही. दोन लग्नं घेतली होती, त्यातलं एक परत केलं. लॅपटॉप तुला पाठवतो. तुझ्या नोकरीचं तू घरात कोणाला सांगितलेलं नाहीस, तर मीही सांगितलेलं नाही. मामीला मात्र तुझ्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं.

निघताना चांगू मला वाटेपर्यंत सोडायला आला. कुंपणापाशी त्याने माझं मनगट धरलं आणि बोलायला तोंड उघडलं, सवयीने. ओठ हलले. फडक्यामागून नुसती हवा आली. मी थांबलो. त्याने पुन्हा तेच म्हटलं, या वेळी सावकाश, माझ्या डोळ्यांत बघत. शिवी होती, का जेवून जा म्हणत होता, का आणखी काही, मला कळलं नाही. कळल्यासारखी मान हलवता आली असती. मी म्हटलं, "चांगू, मला नाय कळलं रे." तो माझं मनगट सोडेना. आम्ही दोघे तिथेच उन्हात उभे होतो, आणि तो तिसऱ्यांदा सांगत होता.

रावजी मामा